बाराचं ऊन

“ऊन कमी पडलंय,” डॉक्टर धारस्करबाई म्हणाल्या आणि मला हसूच आलं.

अकोल्यातला एप्रिल चालू होता. रिक्षा अगदी दवाखान्याच्या दारात थांबली, तरी तेवढ्या चार पावलांत चपलेतून पाय भाजले होते. आत कूलर घरघरत होता. त्याच्या गवती ताट्यांतून उडालेले पाण्याचे थेंब डॉक्टरांच्या टेबलावरच्या कागदांवर पडत होते आणि त्यातलाच एक कागद हातात धरून बाई सांगत होत्या की माझ्या सुनेच्या अंगाला ऊन कमी पडलंय.

“अकोल्यात?” मी विचारलं.

“अकोल्यातच. इथे उन्हात जातं कोण, काकू? तुम्ही सकाळी खिडक्या लावता, त्या दिवस मावळल्यावर उघडता. पोरी गाडीवर निघाल्या की दोन डोळे सोडून सगळं बांधून घेतात. व्हिटॅमिन डी तयार होतं ते कातडीवर ऊन पडून. त्या उन्हाला कातडी दिसली तर पाहिजे.”

प्रणिता शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. स्कार्फची घडी मांडीवर होती. ती उलगडायची, पुन्हा घालायची.

चार वर्षांत तिला तीनदा दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. नागपूरला जाऊन नवरा-बायको दोघांच्याही तपासण्या करून झाल्या. सगळं नॉर्मल. तो शब्द ऐकला की माझा प्रफुल्ल चिडायचा. “नॉर्मल आहे, तर मग होतं काय?” म्हणायचा. आता ही चौथी वेळ. तिसरा महिना लागायला आला होता. आम्हा तिघांखेरीज ते कोणालाच माहीत नव्हतं. तिसरा उलटल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. पण या वेळी आम्ही घरातसुद्धा त्याबद्दल हळू आवाजात बोलायचो.

“म्हणजे आधीची तिन्ही... उन्हामुळे गेली?” मी विचारलं.

“असं मी म्हणत नाही.” बाईंनी कागद खाली ठेवला. “हे बघा. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही आत आलं की धावून जातात. आता बाळ असतं अर्धं आईचं, अर्धं बापाचं. म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकंच. तेव्हा त्या पेशींनी नऊ महिने जरा दमानं घ्यायचं असतं. हाकलायचं नाही, सांभाळून घ्यायचं. काही बायकांत हा तोल बिघडतो. तो राखायला व्हिटॅमिन डीची मदत होते असं काही अभ्यासांत दिसलंय. काहींत नाही दिसलं. सिद्ध झालंय असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण हिचं आठ आहे, आणि तीस तरी पाहिजे. कमी आहे ते भरून काढणं तर आपल्या हातात आहे.”

आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची, आधीच्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि रोज थोडं ऊन घ्यायचं.

“सकाळचं कोवळं,” मी म्हटलं.

“कोवळ्याचा इथे फारसा उपयोग नाही. दहा-अकराचं. थोडाच वेळ. हात उघडे, पाय उघडे, डोक्यावर काहीतरी. जवळ पाणी ठेवायचं. तापून निघायचं नाही हं, प्रणिता. खरं औषध पुडीच आहे, हे आपलं वरचं.”

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. पोटुशी बाईला भर उन्हात जाऊ देऊ नये, हे मी उभ्या जन्मात ऐकत आले होते. कोवळं ऊन चांगलं, हेही ऐकत आले होते. इथे कोवळं बिनकामाचं आणि कडक उपयोगाचं. आणि इतकं सगळं सांगून वर म्हणे, सिद्ध नाही. रिक्षात मी प्रणिताला म्हटलं, “तुला काही उमजलं का गं?”

“अर्धं परकं म्हणाल्या त्या,” ती म्हणाली. तिने स्कार्फ बांधला आणि घर येईपर्यंत तिचे फक्त डोळे दिसत राहिले.

आमच्या घराला ऊन येतं ते फक्त गच्चीवर. पुढे बोळ, मागे भिंत, मधे अंधारा चौक. त्या भिंतीपलीकडे माझ्या नणंदेचं घर. सासऱ्यांनी मुलीला शेजारीच जागा दिली होती, त्यामुळे दोन्ही गच्च्या लागून होत्या. मधे गुडघ्याएवढा कठडा. हे गेल्यापासून तर दोन्ही घरं एकच झाली होती. उन्हाळ्याचं वाळवणही एकत्रच व्हायचं, आणि त्याचा सगळा कारभार मालताबाईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे. कुरड्या कधी, पापड कधी, मुगवड्या कोणी तोडायच्या, सगळं त्या ठरवायच्या. माझ्याहून वयाने लहान, पण आवाजाने मोठ्या.

त्या वर्षी त्यांची पल्लवी नागपूरहून माहेरपणाला आली होती. पाचवा महिना. वर सतरंजी टाकून बसायची आणि कुरडईचा गरम चीक वाटीत घेऊन चाटायची.

दवाखान्यात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेल्यावर मी प्रणिताला म्हटलं, “चल, चिकाचं पातेलं धर. कामही होईल अन् ऊनही.” ती आली. बाह्या वर सारलेल्या, डोक्यावर ओढणी. मी मालताबाईंना सांगून टाकलं, “हिला ऊन कमी पडलंय म्हणाल्या डॉक्टर. रोज बसायला सांगितलंय.” पुढचं काही सांगितलं नाही.

“अकोल्यात ऊन कमी पडलं?” मालताबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. “मायबाई! अन् त्याची फी किती घेतली वहिनी त्या बाईनं? मी फुकट सांगतो ना. या म्हणा माह्या गच्चीवर, पाहिजे तेवढं घेऊन जा. डबे भरून न्या!”

पल्लवी खो खो हसली. प्रणिताही हसली. पातेलं धरून ती उन्हाकडे पाठ करून उभी होती. मी कुरड्या घालत होते आणि ती वाकून सोऱ्यात चीक भरून देत होती. बरं चाललं होतं.

तेवढ्यात मालताबाई उठल्या, सतरंजीचं टोक धरलं आणि पल्लवीला तिच्यासकट ओढत पलीकडे नेलं.

“आई! पडेन नं मी!”

“इकडे बस. इकडे बरं आहे.”

“तिकडे सावली होती. इथे ऊन आहे!”

“ऊन चांगलं असते पोटातल्याले,” मालताबाई म्हणाल्या आणि पुन्हा सोऱ्या घेऊन बसल्या.

मला आठवतं, तेव्हा मला गंमत वाटली होती. आत्ताच डॉक्टरांची टिंगल केली आणि लगेच स्वतःच्या मुलीला सावलीतून उन्हात ओढलं! ही बाई कधी काय करेल याचा नेम नाही, असं म्हणून मी वळले, तर चिकाचं पातेलं खाली ठेवलेलं होतं आणि प्रणिता जिन्यातून उतरत होती.

खाली जाऊन विचारलं तर म्हणाली, “मला ऊन सोसत नाही, आई.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी समजावलं, रागावले. तुझ्यासाठी नाही तर पोटातल्यासाठी तरी ये म्हटलं. त्यावर तिचा चेहरा असा झाला की मीच स्वयंपाकघरात निघून गेले. प्रफुल्लला सांगितलं तर तो म्हणाला, “पुडी घेते आहे ना? बस झालं. नेटवर तर लिहिलंय की पुडीनंच होतं. तिला नको त्रास देऊस.”

“मी त्रास देते?”

“तसं नाही गं आई. पण ती घाबरलेली आहे. आपण सगळेच घाबरलेलो आहोत.”

ते खरं होतं. प्रणिता न्हाणीघरातून बाहेर आली की आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि मग एकमेकांकडे. ती हळूच मान हलवायची, काही नाही म्हणून. मग घर पुन्हा चालू व्हायचं.

पण मला एक गोष्ट काही केल्या जुळत नव्हती. ही मुलगी तेल्हाऱ्याची. कॉलेजच्या खो-खो संघात होती. तिला बघायला गेलो तेव्हा दुपारी मैदानावरून धावत घरी आली होती, घामाने निथळत, आणि तशीच पोह्यांची ताटली घेऊन पुढे आली होती. म्हणून तर मला ती आवडली. लग्नातल्या फोटोत मेकअपवालीने तोंड गोरं केलंय, पण हात सावळेच आहेत आणि दंडावर खेळाच्या बाहीची रेघ दिसते. जिने उन्हात उन्हाळे काढले, तिला ऊन सोसत नाही?

मी मनाशी म्हटलं, दिवस गेल्यावर अंग बदलतं. नाहीतर तीनदा रिकामं होऊन ते नाजूक झालं असेल. नाहीतर रंगाची काळजी असेल. नाहीतर त्या डॉक्टरांवर विश्वास नसेल. रोज एक नवं कारण शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी तेही पटायचं नाही.

आणि ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. “मला ऊन सोसत नाही.” अगदी याच घरात, याच गच्चीखाली. पण कोणाच्या तोंडून, ते काही केल्या आठवेना.

मे लागायच्या आधी एके दिवशी दुपारी जेवून मी कूलरसमोर जरा आडवी झाले होते. डोळा लागला असेल नसेल, जिन्याच्या दाराचा लोखंडी आवाज झाला. वाटलं, मांजर वर गेलं. कुरड्या टाकलेल्या होत्या. पदर डोक्यावर घेतला आणि काठी घेऊन वर गेले.

गच्चीच्या मधोमध प्रणिता उभी होती.

चारी बाजूंना पांढऱ्या धोतरांवर कुरड्या पसरलेल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत ती एकटी. बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळलेल्या, डोक्यावर काही नाही, पायात चपला, चेहरा विटेसारखा लाल. मान खाली घालून ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. मला बघून दचकलीसुद्धा नाही.

“अगं ए! वेड लागलं का तुला? ही काय वेळ आहे?”

“ऊन घेते आहे, आई.”

“बाराचं? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? दहा-अकरा! थोडाच वेळ! चल आधी खाली.”

“दहाला सगळ्या असतात.”

“असू देत की. त्या काय खातात तुला?”

ती तशीच पायांकडे बघत राहिली.

“दहाचं ऊन सोसत नाही अन् बाराचं सोसतं? मला येडं समजतेस का, प्रणिता?”

“दहाला सावली पडते,” ती म्हणाली.

मला कळलं नाही. काठी धरून मी तशीच उभी राहिले. डोळ्यांसमोर सगळं पांढरं पांढरं होत होतं.

“कोणाची सावली?”

“माझी.” मग ती जे बोलली ते इतकं हळू, की मला दोन पावलं जवळ जावं लागलं. “त्या दिवशी माझी सावली पल्लवीच्या पोटावर पडली होती. म्हणून ओढून घेतलं तिला आत्याबाईंनी. जिची राहत नाहीत, तिची सावली पडू द्यायची नसते. पोटुशीवर नाही, वाळवणावर पण नाही. तुम्हाला माहीत नाही का, आई?”

मला माहीत नव्हतं. माझं माहेर वर्ध्याचं, वडील आश्रमाच्या शाळेत शिक्षक. असलं काही आमच्या घरात कोणी बोलायचं नाही. आणि सासरी ते कोणी बोललं नाही, कारण ते बोलायचं नसतंच. ते सतरंजी ओढून सांगायचं असतं.

“आता बघा,” ती म्हणाली. “आता कोणावरच पडत नाही.”

मी खाली बघितलं. तिची सावली तिच्या पायांभोवती होती, पाणी सांडल्यासारखी, जेमतेम चपलेच्या बाहेर आलेली. माझीही तेवढीच. आम्ही दोघी खुळ्यासारख्या आपापल्या पायांकडे बघत उभ्या होतो.

“मालताबाईंना बोलते मी. आजच बोलते.”

“नका. आई, मलाच भीती वाटते. तिला खरंच काही झालं तर? माझी तीन गेली, ती कशानं गेली ते डॉक्टरांना तरी कुठे माहीत आहे?”

मी तिचा हात धरला, तर तो तापल्या तव्यासारखा. दोन पावलं चालली आणि तिने डोळे मिटले. मी काठी टाकून दिली आणि तिला कमरेला धरून जिन्यापर्यंत आणलं. सावलीतल्या पहिल्याच पायरीवर ती मटकन बसली आणि डोकं भिंतीला टेकवलं.

त्या पायरीवर तिला तसं बसलेलं बघितलं आणि मला आठवलं, ते वाक्य कोणाचं होतं.

माझ्या मोठ्या जाऊबाई. गोदावरी नाव, आम्ही सगळ्या ‘मोठ्या बाई’ म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा वाळवणाच्या दिवशी त्या याच पायरीवर बसायच्या. पीठ मळून, गोळे करून वर द्यायच्या, आणि स्वतः यायच्या नाहीत. मी नवी. म्हटलं, “वर या ना मोठ्या बाई, गप्पा मारू.” त्या हसून म्हणाल्या होत्या, “मला ऊन सोसत नाही गं.” मी विश्वास ठेवला. पण दुपारी आम्ही सगळ्या जेवायला खाली उतरलो की राखणीला वर जायच्या त्या मोठ्या बाईच. भर बाराला. एकट्या. सगळ्या म्हणायच्या, मोठ्या बाई फार कष्टाळू. चाळीस वर्षं मला या दोन्ही गोष्टी आठवत होत्या, पण मी त्या कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

प्रणिताला खाली आणून पन्हं दिलं, ओल्या पंच्याने हातपाय पुसले. चार दिवस ती रोज वर जात होती म्हणे. प्रफुल्ल ऑफिसातून धावत आला. संध्याकाळी डॉक्टरांकडे. सोनोग्राफीच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. मला त्यात काही म्हणजे काही दिसलं नाही.

“हे बघा, ठोके,” बाई म्हणाल्या. “ठीक आहे. आत्ता तरी ठीक आहे.”

‘आत्ता तरी’ या शब्दांवर प्रणिताने माझं बोट घट्ट धरलं.

“पण भर बाराला उभं राहायला मी सांगितलं होतं का, काकू?”

“नाही. पण तिला सावली नको होती.”

“सावली नको? सावलीतच बसायचं बाकीचा वेळ. काय गोंधळ करून ठेवलाय तुम्ही लोकांनी?”

कुठून सुरुवात करणार होते?

त्यानंतर मी रोज ठरवायचे की आज मालताबाईंना बोलायचं. आणि रोज त्या काहीतरी घेऊन यायच्या, कधी कैरीचा तक्कू, कधी थालीपीठ. “प्रणिता कुठे हाय? तिले आवडते म्हणून आणलं.” तिसऱ्या वेळी प्रणिताला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तिच्याजवळ राहिल्या होत्या त्या मालताबाईच. मी नव्हे. त्यांनीच मला घरी पाठवलं होतं. तिचे कपडे त्यांनी हाताने धुतले. आणि याच बाईने सतरंजी ओढली. या दोन मालताबाईंचं काय करावं, मला समजत नव्हतं. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.

सरगुंडे करायचा दिवस उजाडला. कणकेची बारीक वळी करून काडीवर गुंडाळायची आणि वाळवायची. आमरसाबरोबर खायला लागतात म्हणून आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी करतात. सकाळी मी प्रणिताला म्हटलं, “आज तू माझ्याबरोबर वर यायचं. बोलायचं मी बोलीन.”

“आई, नको.”

“डॉक्टर म्हणाल्या आहेत.”

“डॉक्टर सिद्ध नाही म्हणाल्या आहेत.”

“मग सावलीचं कोणी सिद्ध केलंय? चल.”

दहा वाजून गेले होते. वर सतरंजी घातलेली होती आणि पल्लवी लोडाला टेकून बसली होती. मालताबाई कणीक तिंबत होत्या. मी पाट घेतला, उन्हाच्या बाजूला ठेवला आणि प्रणिताला उन्हाकडे पाठ करून बसवलं. पुढ्यात पांढरं धोतर अंथरलं. तिची सावली त्या धोतरावर पडली, पार दुसऱ्या टोकापर्यंत. मी केलेले पहिले पाच-सहा सरगुंडे मुद्दाम त्या सावलीतच ठेवले.

मालताबाईंचा हात थांबला.

“वहिनी, तिले तिकडे बसवा ना. पाठीले ऊन लागीन पोरीच्या.”

“तिला ऊनच हवंय.”

“हवंय, तं तिकडेही हाय ना. इथंच काऊन?”

“इथे काय झालं?”

“काही नाही. मी आपलं म्हणून राहिले...”

“काय म्हणून राहिल्या, मालताबाई? बोला.”

त्या कणकेचा गोळा या हातातून त्या हातात घेत राहिल्या. प्रणिता उठायला लागली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं.

“दिवस आहेत तिला. तिसरा चालू आहे.”

प्रणिताने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला जिन्यावरून ढकललं. रीत मोडली होती. तिसरा उलटायच्या आत, भर गच्चीवर. मला लगेच वाटलं, हे मी काय केलं? आता उद्या काही झालं तर ते माझ्या बोलण्यानेच झालं म्हणायचं का? सावलीवर विश्वास नव्हता माझा, पण आपल्याच तोंडची मला भीती वाटली.

“मायबाई,” मालताबाई म्हणाल्या. एवढंच. त्यांचे डोळे भरून आले. त्या प्रणिताकडे बघायच्या, मग पल्लवीकडे, मग धोतरावरच्या त्या सावलीकडे. आता कोणाला कोणापासून लांब करायचं, तेच त्यांना कळेना. दोघी पोटुशा, आणि दोघी आपल्याच.

लांब कुठेतरी भंगारवाला ओरडत होता.

पल्लवीने लोड बाजूला सारला. दोन्ही हात टेकून, कण्हत, सतरंजीसकट सरकत सरकत ती पुढे आली. धोतराच्या कडेला थांबली. अंदाज घेतला, अजून थोडी सरकली. प्रणिताच्या डोक्याची सावली तिच्या तोंडावर पडली आणि खांद्याची पोटावर.

“हलू नको गं वहिनी,” ती म्हणाली. “केव्हाचं तोंडावर ऊन आलंय माझ्या. अन् ती वाटी दे इकडे.”

प्रणिता हलली नाही. श्वास तरी घेत होती की नाही कोण जाणे.

मालताबाईंचा हात सतरंजीच्या टोकाकडे गेला. मी बघत होते. ते टोक त्यांनी धरलं, क्षणभर धरून ठेवलं. मग ते पल्लवीच्या पायाखाली नीट दुमडलं आणि म्हणाल्या, “फरशी तापली हाय. पाय आत घे.”

ते सरगुंडे छान वाळले. त्याचाही अर्थ काय घ्यायचा, मी ठरवलं नाही. अकोल्यातल्या उन्हात काय वाळत नाही?

पल्लवीला श्रावणात मुलगा झाला आणि नोव्हेंबरात आमच्याकडे ईश्वरी आली. मी धारस्करबाईंना विचारलं, “नक्की कशानं राहिली हो ही? पुडीनं, गोळ्यांनी की उन्हानं?” त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “खरं सांगू? मलाही माहीत नाही.” तेव्हा मला त्यांचा थोडा राग आला होता. आता येत नाही.

मालताबाई मागच्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत आम्ही दोघी त्या सकाळबद्दल एक शब्द बोललो नाही. आता वाळवणही विकतचंच येतं. मी दुपारी जिन्याच्या त्या सावलीतल्या पायरीवर बसते आणि ईश्वरी गच्चीवर बॅडमिंटन खेळते. मधूनच तिची सावली माझ्या पायांवरून धावत जाते.

एक गोष्ट मात्र मला कळून घ्यायची होती. म्हणून दिवाळीत पल्लवीचा फोन आला तेव्हा विचारलंच. म्हटलं, “पल्लवी, त्या दिवशी तू मुद्दाम सरकलीस ना? तुला सगळं माहीत होतं ना गं?”

तिच्या मागे कुकरची शिट्टी वाजली.

“मामी,” ती म्हणाली, “मला खरंच ऊन लागत होतं.”